दक्षिण आशियासाठी एकच चलन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेजारी देशांनी मिळून एकच चलन वापरावं ही कल्पना दर काही वर्षांनी वर येते. सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, आठवण निघाली, श्रीलंकेसारखा एखादा देश अडचणीत आला किंवा यूपीआय आणखी एका देशात सुरू झाल्याची बातमी आली, की तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथला मामला गमतीशीर आहे. काही दोन ओळींत आटपली आहेत.

सार्क देशांचं एकच चलन येणार आहे का?

नजीकच्या काळात नाही. त्यासाठी कुठली समिती बसलेली नाही, वेळापत्रक नाही आणि करारही झालेला नाही. ज्या मंचावर याची चर्चा व्हायची त्या सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला ठरली होती, ती उरी हल्ल्यानंतर रद्द झाली. त्यानंतर नेत्यांची परिषदच भरलेली नाही. जे एका टेबलाशी बसत नाहीत, ते एका नोटेवर सह्या करतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मात्र "एक चलन नाही" म्हणजे "चलनाच्या बाबतीत सहकार्यच नाही" असं समजू नका. सहकार्य बरंच आहे, आणि ते सगळं मध्यवर्ती बँकांच्या परिपत्रकांमधून चालतं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसल्याने त्याची बातमी होत नाही, इतकंच.

मुळात ही कल्पना कुणी मांडली?

अर्थतज्ज्ञांच्या बैठकांमध्ये ती आधीपासून होती, पण राजकीय व्यासपीठावर ठळकपणे आणली ती अटलबिहारी वाजपेयी यांनी. डिसेंबर २००३ मध्ये दिल्लीतल्या एका परिषदेत त्यांनी खुल्या सीमा आणि पुढे-मागे एकच चलन, असं दक्षिण आशियाचं चित्र रंगवलं. लगेच जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या सार्क परिषदेत 'साफ्टा' या मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. त्या दोन-तीन वर्षांत हवा खरोखरच अनुकूल होती.

त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, सार्क देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर आणि अर्थ सचिव यांचा 'सार्कफायनान्स' हा गट स्थापन झाला होता. नेत्यांच्या भेटी थांबल्या तरी या गटाचं काम थांबलं नाही. माझ्या मते हा गट वाजपेयींच्या भाषणापेक्षा जास्त कामाचा ठरला.

पूर्वी या सगळ्या भागात एकच रुपया होता ना? मग आता काय अडचण आहे?

होता, आणि तो कसा मोडला हेच नीट पाहण्यासारखं आहे.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. तिचं मुख्यालय आधी कोलकात्याला होतं, ते १९३७ मध्ये कायमचं मुंबईला आलं. ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाल्यावरही जपानी ताब्याचा काळ सोडला तर एप्रिल १९४७ पर्यंत तिथली मध्यवर्ती बँक हीच होती. फाळणीनंतर पाकिस्तानची मध्यवर्ती बँकही काही महिने हीच होती. भारतीय नोटांवरच 'पाकिस्तान सरकार' अशी अक्षरं इंग्रजीत आणि उर्दूत जादा छापली जायची. ही छपाई आपल्या नाशिकला व्हायची. म्हणजे दोन देश, दोन सरकारं, पण बँक एक आणि छापखानाही एक.

हे फार दिवस चाललं नाही. फाळणीच्या हिशेबातले पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये भारताने रोखून धरले होते. तो सगळा वाद याच काळातला. रिझर्व्ह बँक एकाच वेळी दोन्ही सरकारांची बँकर होती आणि दोन्ही सरकारांत काश्मीरवरून युद्ध पेटलं होतं. कराचीतून, म्हणजे पाकिस्तानच्या तेव्हाच्या राजधानीतून, तक्रार आली की बँक दिल्लीचं ऐकते. ती खरी की खोटी हा भाग वेगळा. पण सामायिक बँकेवर एका बाजूचा विश्वास उडाला की ती सामायिक राहत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची व्यवस्था ३० जून १९४८ लाच गुंडाळली गेली आणि दुसऱ्या दिवशी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

खरा तमाशा पुढच्या वर्षी झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं ३०.५ टक्के अवमूल्यन केलं. भारतानेही त्याच प्रमाणात रुपया खाली आणला. पाकिस्तानने आणला नाही. काल एकास एक असलेला दर एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये असा झाला. भारताने हा दर मानायलाच नकार दिला. ताग पिकायचा पूर्व बंगालमध्ये आणि त्याच्या गिरण्या होत्या हुगळीच्या काठी. कालपर्यंत एकाच देशातला माल आता ४४ टक्क्यांनी महाग. व्यापार जवळपास ठप्प झाला. गिरण्यांना कच्चा माल मिळेना, तिकडे शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला, तेव्हा गाडं पुढे सरकलं.

सामायिक चलनाच्या बाजूने बोलणारे ही हकिगत "बघा, चलन वेगळं केल्याने किती नुकसान झालं" म्हणून सांगतात. मला ती उलटी दिसते. नुकसान झालं हे खरंच. पण चलन एकत्र ठेवायला जो राजकीय भरवसा लागतो, तो संपल्यावर कुठलीही कायदेशीर तरतूद उपयोगी पडली नाही.

आखाती देशांत भारतीय रुपया चालायचा, हे खरं आहे का?

अगदी खरं. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान या सगळीकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात भारतीय रुपया होता. त्यातून मुंबईला एक डोकेदुखी झाली. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, म्हणून दुबईहून सोनं चोरट्या मार्गाने इकडे यायचं आणि त्याची किंमत भारतीय नोटांत चुकती व्हायची. त्या नोटा आखातात परदेशी चलन म्हणून वटवल्या जायच्या आणि शेवटी रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणजे तस्करीचं बिल देशाच्या गंगाजळीतून भरलं जात होतं.

त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. क्रमांकाच्या आधी 'झेड' अक्षर आणि नेहमीपेक्षा वेगळा रंग. दहाची नोट लाल, शंभराची हिरवी. या नोटा भारतात चालायच्या नाहीत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. मग ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं ३६.५ टक्के अवमूल्यन केलं. दिल्लीने तो निर्णय आपल्या अन्नटंचाईचा आणि परकीय मदतीचा विचार करून घेतला होता. दोह्यातल्या किंवा दुबईतल्या दुकानदाराची गल्ल्यातली रक्कम त्यात वितळली, त्याला कुणी विचारलंही नाही. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

दुसऱ्याचं चलन वापरणाऱ्याला कसली जोखीम असते हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

नेपाळी रुपयाचा दर वर्षानुवर्षं १.६० च कसा?

कारण तो बाजारात ठरत नाही. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर नेपाळ राष्ट्र बँकेने बांधून ठेवला आहे. डॉलरच्या तुलनेत आपला रुपया घसरला की नेपाळी रुपया आपोआप तेवढाच घसरतो. सीमेजवळच्या दुकानांत दोन्ही चलनं चालतात आणि भाव सांगितला की गिऱ्हाईक विचारतं, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी.

दर बांधून ठेवणं फुकट होत नाही. नेपाळच्या परदेश व्यापारातला साठ टक्क्यांहून जास्त हिस्सा भारताशी आहे आणि त्यात नेपाळ विकतो कमी, घेतो कितीतरी जास्त. त्यासाठी लागणारे भारतीय रुपये कमी पडले की नेपाळ राष्ट्र बँक स्वतःकडचे डॉलर विकून ते विकत घेते. हे डॉलर येतात कुठून? कतार, सौदी अरेबिया, मलेशियातल्या नेपाळी कामगारांच्या घामातून. बाहेरून येणारा हा पैसा नेपाळच्या जीडीपीच्या सुमारे पाव हिश्श्याएवढा आहे. तो आटला तर १.६० चा दर किती दिवस टिकेल हा प्रश्न काठमांडूत अधूनमधून विचारला जातोच.

दुसरी किंमत व्याजदराची. दर बांधलेला, सीमा खुली, त्यामुळे नेपाळचे व्याजदर भारतापासून फार लांब गेले तर पैसा सरळ सीमा ओलांडतो. थोडक्यात, नेपाळचं चलनविषयक धोरण बऱ्याच अंशी मुंबईत शहीद भगतसिंग मार्गावर, म्हणजे रिझर्व्ह बँकेत, ठरतं आणि त्या ठरवण्यात नेपाळचं मत नसतं. बदल्यात नेपाळला काय मिळतं? स्थिर दर, आणि भारताच्या आसपास राहणारी महागाई. आजवर कुठल्याही नेपाळी सरकारने हा सौदा मोडलेला नाही. राजेशाही गेली, माओवादी सत्तेवर आले, भारताशी नकाशावरून भांडण झालं, १.६० तसाच आहे.

भूतानची व्यवस्था वेगळी आहे का?

थोडी जास्त घट्ट आहे. भूतानने १९७४ मध्ये स्वतःचं चलन काढलं, नाव एनगुलट्रम. एक एनगुलट्रम म्हणजे एक भारतीय रुपया, आणि भारतीय रुपयाही तिथे कायदेशीर चलन आहे. भारताच्या सीमेला लागून असलेल्या फुनशोलिंगच्या बाजारात दोन्ही नोटा एकाच गल्ल्यात पडतात.

म्हणून सगळं सुरळीत चालतं असं नाही. २०१२ मध्ये भूतानमध्ये भारतीय रुपयांचा दुष्काळ पडला. जलविद्युत प्रकल्पांची बांधकामं जोरात होती, बँका घरांना आणि गाड्यांना सढळ हाताने कर्ज देत होत्या, आणि सिमेंटपासून गाडीपर्यंत सगळं भारतातून यायचं. एनगुलट्रम छापता येतो, भारतीय रुपया छापता येत नाही. डिसेंबर २०११ मध्ये भूतानच्या रॉयल मॉनेटरी अथॉरिटीने २० कोटी डॉलर विकून रुपये घेतले, तरी भागेना. मार्चमध्ये रुपयांचा पुरवठा आवळला, घरबांधणी आणि वाहनकर्ज थांबवलं, पुढे गाड्यांच्या आयातीवरच बंदी आली. लोक बँकेत रांगा लावायचे ते आपल्याच पैशाच्या बदल्यात रुपये मिळावेत म्हणून. कागदावर एकास एक असलेला दर तेव्हा बाजारात काहीच कामाचा नव्हता.

ज्यांना वाटतं की दर एकास एक केला म्हणजे चलन एक झालं, त्यांनी फुनशोलिंगचं ते वर्ष आठवावं.

नोटाबंदीत शेजाऱ्यांचं काय झालं?

वाईट झालं. २०१५ मध्येच भारताने नेपाळला ये-जा करणाऱ्यांना ५०० आणि १,००० च्या नोटा २५,००० रुपयांपर्यंत जवळ बाळगायची मुभा दिली होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्याच नोटा रद्द झाल्या. भारतातल्या माणसाला निदान बँकेची रांग तरी होती. नेपाळमध्ये बँकांत, कॅसिनोंत आणि घराघरांत अडकलेल्या नोटांचं काय करायचं, यावर दोन्ही देशांत नुसती बोलणी होत राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांवरच्या सगळ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. मला तो राग समजू शकतो.

युरोप करू शकतो, मग आपण का नाही?

युरो १ जानेवारी १९९९ ला आला आणि नोटा-नाणी २००२ मध्ये. पण त्याआधी चार दशकं युरोपात व्यापार, शेती, कोळसा-पोलाद, जकात या सगळ्याची सांधेजोड चालू होती. चलन शेवटी आलं. आपण ते पहिलं आणायला निघतो.

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांनी विचारलेला प्रश्न अजून लागू आहे: एका चलनात नेमके कोणते प्रदेश बसतात? उत्तर ढोबळमानाने असं, की जिथे आपसातला व्यापार मोठा आहे, माणसं कामासाठी सहज हलतात, आर्थिक धक्के साधारण एकाच वेळी बसतात आणि अडचणीतल्या भागाला बाकीच्यांच्या करातून पैसा देता येतो.

दक्षिण आशियाला हे एकेक करून लावून पाहा. आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे; युरोपीय संघात तो साठच्या आसपास, आग्नेय आशियात पंचवीसच्या आसपास. माणसं? नेपाळ-भारत-भूतान सोडलं तर कामासाठी सहज ये-जा करता येत नाही, आणि वाघा सीमेवर तर बोलायलाच नको. धक्के? सप्टेंबर २०२२ मध्ये श्रीलंकेतली महागाई ७० टक्क्यांच्या जवळ होती, मे २०२३ मध्ये पाकिस्तानची ३८ टक्के. त्या सगळ्या काळात भारताची कधी आठच्या वर गेली नाही. या तिघांसाठी एकच रेपो दर (मध्यवर्ती बँकेचा व्याजदर) ठरवायचा झाला तर तो किती ठेवणार? श्रीलंकेला रुचेल असा ठेवला तर पुण्यातला गृहकर्जवाला रस्त्यावर येईल.

राहिला करातून मदतीचा मुद्दा. बिहारचं नुकसान झालं तर वित्त आयोग आहे, केंद्राचा निधी आहे. महाराष्ट्रातला कर तिकडे जातो आणि आपण कुरकुरत का होईना ते मान्य करतो. तोच पैसा मुलतानला जाणार असेल तर? युरोपात ग्रीसच्या संकटात २०१० पासून हेच घडलं: चलन एक होतं, तिजोरी एक नव्हती, आणि जर्मन करदाता आणि ग्रीक पेन्शनर वर्षानुवर्षं एकमेकांना शिव्या देत राहिले.

पण सर्वात मोठी अडचण कोणती?

आकार. दक्षिण आशियाच्या एकूण अर्थव्यवस्थेत जवळपास ८० टक्के भारत आहे. युरोपात जर्मनी सर्वात मोठा, पण फ्रान्स, इटली, स्पेन मिळून त्याला अडवू शकतात. इथे बाकीचे सगळे एकत्र आले तरी भारताच्या पाव हिश्श्याएवढे.

आता सामायिक बँकेत मतं कशी वाटायची? अर्थव्यवस्थेच्या आकाराने वाटली तर ती रिझर्व्ह बँकच झाली, फक्त पाटी बदलेल. ढाका आणि इस्लामाबाद ते कशाला मान्य करतील? देशाला एक मत दिलं तर दोन-तीन कोटी वस्तीच्या श्रीलंका-नेपाळसारख्या देशांच्या मतावर दीडशे कोटींच्या देशाचं व्याज ठरेल, आणि ते दिल्ली एक दिवसही चालू देणार नाही. या दोन टोकांच्या मधली वाट कुणी आजवर पटेल अशी मांडलेली नाही.

'करन्सी स्वॅप' म्हणून जे वाचतो ते काय असतं?

दोन मध्यवर्ती बँकांमधलं अल्प मुदतीचं चलन-तारण. समजा मालदीवला आयातीचं बिल भागवायला डॉलर हवेत आणि गंगाजळी आटली आहे. मालदीवची मध्यवर्ती बँक आपलं चलन, रुफिया, रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा करते आणि रिझर्व्ह बँक तिला डॉलर, युरो किंवा रुपये देते. ठरलेल्या मुदतीनंतर, ठरलेल्या व्याजासह, उलटा व्यवहार होतो. दर आधीच ठरलेला असतो, त्यामुळे मध्ये रुफिया घसरला तरी रिझर्व्ह बँकेला फरक पडत नाही.

रिझर्व्ह बँकेने सार्क देशांसाठी ही सोय नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू केली, एकूण २ अब्ज डॉलरची. २०२४ ते २०२७ या मुदतीसाठी तिच्यात रुपयांची वेगळी खिडकी उघडली, २५,००० कोटी रुपयांची, आणि रुपये घेणाऱ्याला सवलती दिल्या. इशारा उघड आहे: डॉलर मागण्यापेक्षा रुपये घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीवने दोन्ही घेतलं, ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपये. आदल्याच वर्षी 'इंडिया आउट'ची घोषणा देऊन निवडून आलेले मालदीवचे राष्ट्राध्यक्ष त्या वेळी दिल्लीत हसतमुखाने हजर होते, हे ज्याने त्याने आपापल्या परीने वाचावं.

श्रीलंकेला या व्यवस्थेचा उपयोग झाला का?

झाला, पण पुरला नाही. जानेवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलरचा स्वॅप दिला, आशियाई क्लिअरिंग युनियनमधली देणी पुढे ढकलली, सरकारने इंधन, अन्न, औषधांसाठी उधारी दिली. त्या वर्षातली भारताची एकूण मदत ४ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. तरी १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडता येणार नसल्याचं जाहीर केलं आणि शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडेच जावं लागलं.

या प्रकरणातली मला सर्वात आवडणारी गोष्ट बांगलादेशची आहे. २०२१ मध्ये ढाक्याने कोलंबोला २० कोटी डॉलरचा स्वॅप दिला. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला जगाने कायमचा मदतीवर जगणारा देश ठरवलं होतं, त्याने शेजाऱ्याला उसने दिले, मुदतवाढ दिली आणि २०२३ मध्ये ते वसूलही झाले. शिखर परिषद नाही, सामायिक चलन नाही. दोन मध्यवर्ती बँकांनी आपसात ठरवलं.

आशियाई क्लिअरिंग युनियन म्हणजे काय?

१९७४ मध्ये स्थापन झालेली हिशेब चुकते करायची व्यवस्था. मुख्यालय तेहरानला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव, म्यानमार आणि इराण तिच्यात आहेत. दोन महिन्यांत भारताने बांगलादेशला १०० चा माल विकला आणि २० चा घेतला, तर दर व्यवहाराला डॉलर न हलवता शेवटी फक्त ८० चा फरक चुकता होतो. कल्पना चांगली, गोची ही की तो फरक शेवटी डॉलरसारख्या बाहेरच्या चलनातच द्यावा लागतो. शिवाय इराण आत असल्याने निर्बंधांची सावली. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणच्या तेलाची बिलं या यंत्रणेतून भागवणं बंद केलं, तेव्हा तिचं वजन बरंच कमी झालं. नेपाळ आणि भूतानशी आपला बहुतेक व्यवहार तिच्याबाहेर, थेट रुपयांत होतो.

मग सगळ्या शेजाऱ्यांशी रुपयांतच व्यापार का करत नाही?

परवानगी आहे. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने परदेशी बँकांना भारतात खास व्होस्ट्रो खाती (भारतीय बँकेतली परदेशी बँकेची रुपयांची खाती) उघडून रुपयांत व्यवहार करता येतात. बांगलादेशबरोबर हे बरोबर एक वर्षाने, ११ जुलै २०२३ ला, सुरू झालं. गाजावाजा बराच झाला.

मात्र अडचण अंकगणिताची आहे. २०२३-२४ मध्ये आपण बांगलादेशला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिथून २ अब्जांहूनही कमी घेतला. बांगलादेशच्या हाती रुपये येणार ते आपल्याला विकलेल्या मालातून. मग उरलेल्या ९ अब्जांसाठी रुपये आणायचे कुठून? एक तर डॉलर देऊन विकत घ्यायचे, मग डॉलर वाचले कुठे? नाहीतर भारताने उसने द्यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेपाळ, भूतान आणि श्रीलंकेतल्या व्यापारासाठी भारतीय बँकांना रुपयांत कर्ज द्यायला मोकळीक द्यायचं ठरवलं, ते याच कोंडीवरचं उत्तर आहे. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे आपण शेजाऱ्यांकडून जास्त माल घेणं. त्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

यूपीआय शेजारी देशांत चालतं, म्हणजे चलन एक होत चाललंय ना?

नाही. भूतानमध्ये २०२१ पासून, श्रीलंका आणि नेपाळमध्ये २०२४ पासून तुम्ही क्यूआर स्कॅन करून पैसे देऊ शकता. पण तुमच्या खात्यातून रुपये जातात आणि दुकानदाराला त्याचं चलन मिळतं. मध्ये विनिमय दर लागतोच. सोय मोठी आहे, चलनाशी तिचा संबंध नाही.

जगात इतरत्र हे कुठे जमलंय?

आपल्याशी सर्वात जुळणारं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी यांची चलनं रँडशी एकास एक बांधलेली आहेत, भूतानसारखीच. फरक असा की लेसोथो आणि नामिबियात रँड फिरतो त्याबद्दल दक्षिण आफ्रिका त्यांना भरपाई देते, कारण नोट छापणाऱ्याला त्यातून फायदा होतो. आपल्याकडे हा विषय चर्चेतही येत नाही.

बाकी यादी फसलेल्या मुहूर्तांची आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं 'इको' दोन दशकांहून जास्त काळ पुढे ढकललं जातंय. पूर्व आफ्रिकेने २०१३ मध्ये करार करून २०२४ ची तारीख धरली होती, ती आता २०३१ झाली आहे. आखाती देशांनी २०१० ठरवलं होतं. ओमान आधीच बाहेर पडला आणि मध्यवर्ती बँक रियाधला ठेवायची ठरल्यावर २००९ मध्ये संयुक्त अरब अमिराती रुसली. भाषा एक, धर्म एक, तेल एक, तरी बँक कुठे ठेवायची यावर अडलं.

एक चलन झालं असतं तर नाशिकच्या कांद्याला आणि विदर्भाच्या संत्र्याला फायदा झाला असता का?

थोडा. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. २०२२ नंतर तिथे डॉलरची चणचण झाली, आयातदारांना बँकेतून एलसी (मालाचे पैसे देण्याची बँकेची हमी) उघडणं कठीण झालं आणि त्याचा चटका इकडच्या निर्यातदारांना बसला. चलन एक असतं किंवा रुपयांची सोय मुबलक असती तर तेवढी अडचण टळली असती.

पण संत्र्याचं बघा. वरुड-मोर्शीचा माल बांगलादेशात जायचा, तो अडला तिथल्या आयात शुल्कामुळे. ते टप्प्याटप्प्याने किलोला ८८ रुपयांपर्यंत गेलं. आणि कांदा सर्वात जास्त अडवला तो आपल्याच सरकारने: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. लासलगावात लिलाव बंद पडले ते टका आणि रुपया वेगळे होते म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात काम करणाऱ्या नेपाळी माणसाला घरी पैसे पाठवायचे असतील तर?

त्यासाठी २००८ पासून 'इंडो-नेपाळ रेमिटन्स' ही सोय आहे. एनईएफटीची सुविधा असलेल्या बँक शाखेतून रुपये भरायचे, नेपाळमध्ये नेपाळी रुपये मिळतात, दर तोच १.६०. २०२१ मध्ये एका वेळची मर्यादा ५०,००० वरून २ लाख रुपयांवर नेली. खातं नसेल तर रोख भरूनही पाठवता येतात. मग मर्यादा ५०,००० आणि वर्षातून बाराच वेळा. सोसायटीच्या वॉचमनला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं आणि तो गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती रोकड देतो. तुमच्या बँकेत चौकशी करून त्याला सोबत घेऊन गेलात तर अर्ध्या तासाचं काम आहे. ओळखपत्र मात्र बरोबर ठेवा.